बादलीभर शेण, बादलीभर पाणी

सकाळचे साडेसहा झालेत. गोठ्याच्या मागच्या अंगाला या. कुंडीशेजारी एक सपाट दगड आहे, त्यावर बसा. घाई असेल तर हे मनन उद्यावर ढकला. बायोगॅसच्या टाकीला काही फरक पडत नाही, तिचा हिशेब चाळीस दिवसांचा असतो.

समोर एक बाई शेण कालवते आहे. बादलीभर शेणाला बादलीभर पाणी, हात कोपरापर्यंत आत. काही न बोलता पाहत राहा. मधेच ती काडीकचरा, वैरणीचा बुडखा, एखादा खडा वेचून बाजूला टाकते. ते आत गेलं तर तळाशी साचतं आणि टाकीतली जागा खाऊन बसतं. मग बोळा ओढला की काला गडगडत खाली जातो. दोन घनमीटरच्या टाकीला पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. आणि ते रोज लागतं. दिवाळीत, अंगात ताप असताना, लेकीच्या लग्नाच्या सकाळीसुद्धा.

हा ‘रोज’ मनात धरून ठेवा. आज आपल्याला त्याच्यापाशीच बसायचं आहे.

आता मनाने जमिनीखाली उतरा. टाकीच्या घुमटाच्या आत उजेड नाही, हवाही नाही. हवा नाही म्हणूनच तिथलं काम चालतं, कारण ज्या सूक्ष्मजीवांपासून मिथेन मिळतो त्यांना प्राणवायू सोसत नाही. त्यांना थंडीही मानवत नाही. आपल्याकडच्या उबेत शेण साधारण ४० दिवस मुरतं, थंड डोंगराळ मुलखात ५५ दिवसही लागतात. टाकी पहिल्यांदा भरली की कितीतरी दिवस काहीच घडत नाही. मग गॅस येतो, पण पेटत नाही. त्यात कर्बवायूच जास्त असतो, तो सोडून द्यावा लागतो. नव्या टाकीच्या घरात हे दिवस फार लांबतात. शेजारी येऊन विचारून जातात, “काय, पेटला का?”

आणि एका संध्याकाळी पेटतो. शेगडीवर निळी ज्योत. पातेल्याच्या बुडावरून बोट फिरवा, काजळी लागत नाही. इथे थोडं थांबा, एक खोल श्वास घ्या. या स्वयंपाकघरात तो घेता येतो.

आता पैशाकडे वळू. सावकाश वळू, कारण पैशाचं नाव निघालं की मन लगेच आकडे मोजू लागतं.

विद्या जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढायची सोय १८९७ सालीच झाली होती. नंतर खादी ग्रामोद्योग आयोगाच्या टाकीवर लोखंडी पिंप तरंगायचं आणि गंजायचं. पुढे विटांचे घुमट आले, १९८४ चा दीनबंधू नमुना त्यांतला स्वस्त. अनुदानंही आली. तरी तुमच्या माहितीतल्या एखाद्या घरामागची बंद टाकी आठवून पाहा. तिच्यावर गवत माजलंय, कोणी गोवऱ्या रचून ठेवल्यात. काय झालं असेल? म्हैस विकली असेल. नळीत पाणी साचून गॅस अडला असेल आणि ते काढून टाकायचं कोणी सांगितलं नसेल. गवंडी एकदा गेला तो पुन्हा फिरकला नसेल. खड्ड्याला पैसा मिळाला होता. रोजच्या सकाळीला मिळाला नव्हता.

पैसा नुसता आला म्हणजे भागतं का, ते पाहायला थोडं दूर जाऊ, टांझानियात. दार-एस-सलामजवळच्या किसरावे जिल्ह्यात एका ब्रिटिश कंपनीने अकरा गावांची आठ हजार हेक्टरांहून अधिक जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतली. लावायचं होतं जट्रोफा, म्हणजे आपला मोगली एरंड, ज्याला गुरं तोंड लावत नाहीत म्हणून आपण कुंपणाला लावतो. पडीक जमिनीत, पाण्यावाचून इंधनाचं तेल देणारं झाड अशी त्याची ख्याती झाली होती. आपल्या सरकारनेही २००३ च्या सुमारास त्याच्यावर मोठी भिस्त ठेवली. झाड कमी पाण्यावर जगतं हे खरं. पण जगणं वेगळं आणि भरघोस फळणं वेगळं, एवढं कुठल्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं. २०११ मध्ये किसराव्यातलं काम थांबलं, मजूर घरी बसले, प्रकल्प दुसऱ्याला विकला गेला. पैसा आला तसा निघून गेला. गावं कुठे जाणार?

ही गोष्ट ऐकून मनात राग आला असेल तर येऊ द्या. तो ओसरला की नेपाळकडे पाहा.

तिथे १९९२ मध्ये नेदरलँड्सच्या मदतीने बायोगॅसचा कार्यक्रम सुरू झाला. टाक्या बांधणार होत्या खासगी कंपन्या, पण त्यांना अटी होत्या: नमुना ठरलेला, बांधकामाची हमी लेखी, नंतरची दुरुस्ती त्यांच्याच गळ्यात. तपासनीस गावात जाऊन टाकी पाहायचा, खोट निघाली तर दंड. अनुदान ठरीव आणि सर्वांना माहीत. ऐकायला रुक्ष वाटतं, मला मात्र यात सगळी गोम दिसते. पुढे जर्मनीची विकास बँक आली. २००५ मध्ये नेपाळच्या टाक्यांची क्योटो हवामान कराराच्या योजनेत नोंद झाली, आणि न उठलेल्या धुराचे पैसे परदेशातून येऊ लागले. टाक्यांची संख्या तीन लाखांपलीकडे गेली.

न उठलेला धूर. या शब्दांपाशी जरा रेंगाळा. दिसत नाही ती वस्तू विकायची, तर शेगडी आजही पेटते आहे हे दाखवावं लागतं. म्हणजे हजारो मैलांवरचा खरेदीदार शेवटी पैसे मोजतो ते अशाच एखाद्या बाईच्या आजच्या बादलीचे. प्रकल्प अहवालात विटा असतात, सिमेंट असतं, गवंड्याची मजुरी असते. तिचा रोजचा अर्धा तास कुठल्या रकान्यात लिहितात, ते मी अजून शोधतो आहे.

समोरची बाई आता हात धुते आहे. निकासाच्या कुंडीत गॅस देऊन उरलेली स्लरी वर आली आहे. ती उन्हात वाळू न देता शेतात गेली तर नत्र टिकतो. तुम्हीही उठा. आणि मघाशी आठवली ती गवत माजलेली टाकी पुन्हा दिसली, तर त्या घरात जाऊन दोनच गोष्टी विचारा: शेवटचा गॅस कधी पेटला, आणि बिघडली तेव्हा बोलवायला कोण होतं?