लेकरांच्या मनातले भय घालवा



आपले सोलापूर भोंग्यावर उठणारे शहर होते. 1963 साली जुनी मिल बंद पडली. पुढे लक्ष्मी-विष्णू मिलचाही भोंगा थांबला. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली तेव्हा यंत्रमाग थांबले, विडी कारखाने बंद झाले, शाळांना कुलूप लागले. दर वेळी चूल कशी पेटेल याची चिंता मोठ्यांनी केली, ती रास्तच होती. परंतु त्याच खोलीत गोधडीत पडून आईबापांचे बोलणे ऐकणाऱ्या लेकराच्या मनात काय चालले आहे, हे कितीजणांनी विचारले?

मूल आपले दुःख शब्दांत सांगत नाही. ते अंथरूण ओले करते, जेवण टाकते, पोट दुखते म्हणून शाळा चुकवते, विनाकारण चिडते किंवा एकदम गप्प होते. अशा वेळी आपल्यातल्या काही घरांचे पाय अजूनही देवऋषीकडे वळतात. कोणी गंडा बांधतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी मागच्या जन्मीचे पाप काढतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या काय फक्त देव्हारा रिकामा करण्यासाठी? देव्हाऱ्यातले देव गेले आणि मनातले भय राहिले, तर धर्मांतर अर्धेच झाले. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, ही भगवंतांची शिकवण. लेकराच्या दुःखाचेही कारणच शोधले पाहिजे.

बाबासाहेबांचे बालपण आठवा. आई भीमाबाई गेल्या तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते. शाळेत बसायला घरून नेलेले गोणपाट. तहान लागली तर शिपाई पाणी देईपर्यंत वाट पाहायची. पण घरी शरीराने अधू असलेल्या आत्या मीराबाईंनी त्यांना पोटाशी धरले, आणि वडील रामजी सुभेदारांनी अभ्यास सुटू दिला नाही. बाहेर अपमान होता, घरात आधार होता. तो आधार आज आपण द्यायचा आहे.

सिगाल सुत्तात आईबापांची कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना वाईटापासून आवरणे, चांगल्याकडे वळवणे आणि विद्या देणे ही त्यांत आहेत. मारझोडीने यातले काहीच साधत नाही. काम सुटले असेल, घरात कोणी वारले असेल, तर मुलाला समजेल अशा शब्दांत खरे सांगा. "हे तुझ्यामुळे झाले नाही" हेही सांगा, कारण लहान मुले दोष स्वतःकडे घेतात. पाचवे शील मोडून त्यांच्यासमोर भांडू नका. मुलीची शाळा सोडवून तिला विड्या वळायला बसवू नका. शाळा, मैत्रिणी आणि वेळेवरची झोप यांनीच तिचे मन सावरते. भगवंतांनी राहुलाला श्वासावर लक्ष ठेवायला शिकवले. सायंकाळची वंदना झाली की मुलाला जवळ घेऊन पाच मिनिटे तेच करा. मग ते जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐका.

एवढे करूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार तज्ज्ञांकडे न्या. यात लाज कसली? ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातोच ना? 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करूनही मोफत सल्ला मिळतो. संकटातल्या मुलांसाठी 1098 आहे. आणि मूल मरणाची भाषा बोलले, तर रागावू नका, हसण्यावारी नेऊ नका. त्याला क्षणभर एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उपासकहो, आपल्या वाडवडिलांनी भय सोसले. आपल्या लेकरांना ते वारशात देऊ नका.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.