शेजाऱ्याला नोटीस कोण देणार?

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की लिंबागणेश येतं. भालचंद्र गणपतीमुळे हे नाव जिल्ह्याबाहेरही ठाऊक आहे. बालाघाटावरच्या अशा जुन्या गावठाणांत घरं एकमेकांना खेटून असतात. भिंत सामाईक, माळवदाचं पन्हाळ बोळात पडणारं, न्हाणीचं पाणी शेजाऱ्याच्या दारावरून वाहणारं. कुटुंब वाढतं, भाऊ वेगळे होतात, घरकुलाचा हप्ता येतो आणि एक खोली पुढे काढायची ठरते. घरमालकाला ती गरज वाटते, शेजाऱ्याला अतिक्रमण. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत विषय येईपर्यंत गावात दोन पक्ष पडलेले असतात.

या सभेने नेमकं काय ठरवायचं असतं? १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५२ इमारतींच्या बांधकामावर पंचायतीचं नियंत्रण ठेवतं. कलम ५३ सार्वजनिक रस्त्यावरचे आणि मोकळ्या जागेवरचे अडथळे दूर करण्याचा अधिकार देतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. त्यापाठोपाठ फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने ग्रामीण भागासाठी मोठी सवलत जाहीर केली. ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला नगररचनाकाराची परवानगी लागणार नाही. १६०० चौरस फुटांपर्यंत तर मालकीची कागदपत्रं, नकाशे आणि नियमांत बसत असल्याचा अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीला सादर करून शुल्क भरलं की पुरे. त्यापुढे ३२०० पर्यंत शुल्क भरल्यावर दहा दिवसांत बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र मिळायचं.

ही सवलत योग्यच होती. दोन खोल्यांच्या घरासाठी जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालायला लावणं हा अन्याय होता. पण सवलत देताना शेजारी मात्र विसरला गेला. मागितलेल्या कागदांत लगतच्या घराला कळवल्याचा कागद नाही. पाया खणला जातो तेव्हा त्याला बातमी कळते, आणि मग तक्रार अर्जाऐवजी भांडणातून बाहेर येते.

हरकतींचा गुंता त्यामुळे अधिकच वाढतो. पहिली हरकत हद्दीची असते. गावात दोन्ही बाजू नमुना ८ चा उतारा पुढे करतात. पण तो कर आकारणीचा कागद आहे, त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली, ती याच उणिवेवर उपाय म्हणून. मिळकत पत्रिका हाती आली की निदान वादाला नकाशाचा आधार मिळतो. तरीही मालकीचा तंटा मिटवणं दिवाणी न्यायालयाचंच काम राहतं.

दुसरी हरकत उजेड, वारा आणि सांडपाण्याची. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षं निर्वेधपणे मिळालेल्या उजेडावर आणि वाऱ्यावर हक्क सांगता येतो. त्याचाही अंतिम निवाडा न्यायालयातच होतो. बोळ किंवा सार्वजनिक वाट अडते, ही तिसरी हरकत मात्र थेट पंचायतीच्या अखत्यारीत येते. प्रत्यक्षात अनेकदा उलटं घडतं. ज्या मालकीचा निर्णय देता येत नाही, तिच्यावर सभेत तासभर खल होतो, आणि जी वाट मोकळी ठेवणं हे कर्तव्य आहे, तिच्याबद्दल कोणी टेप घेऊन जागेवर जात नाही.

निर्णय देणाऱ्यांचे हातही स्वच्छ हवेत. शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो, अशी तरतूद याच अधिनियमात आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ व्यापक केला. अतिक्रमण कुटुंबातल्या दुसऱ्याने केलेलं असलं, तरी त्या जागेत राहून त्याचा लाभ घेणारा सदस्यही अपात्र ठरतो.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. पाऊस थांबलेला, विहिरीला अजून पाणी असलेला हाच काळ बांधकामाला सोयीचा. म्हणजे शेजारची भिंत उभी राहते तेव्हा ज्याचा उजेड अडतो तो फडावर कोयता चालवत असतो. सहा महिन्यांनी कुलूप उघडल्यावर त्याला खिडकीसमोर विटा दिसतात. उभी भिंत पाडण्याचा आग्रह धरणं कोणत्याही गावात अवघड असतं, आणि गरिबासाठी तर फारच.

शेजाऱ्याला विचारायचं म्हटलं की एक रास्त भीती पुढे येते. भावकीतलं वैर, निवडणुकीतला राग किंवा जातीचा आकस हरकतीच्या रूपाने बाहेर पडेल आणि एखाद्या विधवेची खोली वर्षभर अडून राहील. ही भीती खोटी नाही. पण ऐकून घेणं आणि नकाराधिकार देणं यांत फरक आहे. इंग्लंडने २०१३ मध्ये घरामागच्या वाढीव बांधकामाचे नियम सैल केले तेव्हा हा फरक पाळला. सुट्या घराला आठ मीटर, इतर घरांना सहा मीटरपर्यंत पूर्ण परवानगीची अट काढली. मात्र स्थानिक कौन्सिलने लगतच्या घरांना कळवायचं आणि हरकत आली, तर त्यांच्या राहण्यावर बांधकामाचा काय परिणाम होईल तेवढंच तपासायचं, असं ठरवलं. २०१९ मध्ये ही सोय कायमची झाली. तिथे शेजाऱ्याचा राग मोजला जात नाही, अंतर आणि उजेड मोजला जातो.

लिंबागणेशसारख्या गावाला हे जमण्याजोगं आहे. अर्ज आणि नकाशा सूचनाफलकावर लावावा, लगतच्या घरांना लेखी कळवावं, बाहेरगावी असलेल्यांना फोनवर नकाशाचा फोटो पाठवून त्याची नोंद ठेवावी. ठरलेल्या मुदतीत हरकत आली तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याने जागेवर मोजमाप करावं. वाटेची हरकत पंचायतीने निकाली काढावी, हद्दीची आणि उजेडाची कुठे न्यायची ते तक्रारदाराला लेखी सांगावं. सभेत होकार असो वा नकार, कारणं इतिवृत्तात उतरावीत, आणि संबंधित सदस्याने त्या विषयापुरतं बाहेर बसावं. या पद्धतीचा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घेणं इष्ट, कारण तेव्हा ऊसतोड कुटुंबं गावात असतात. २६ जानेवारीच्या सभेपर्यंत थांबलं, तर ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्याच पाठीमागे तो मंजूर होईल.