गहाण

लक्ष्मीपूजनाला आमच्या डहाणूच्या बाजारपेठेत चोपड्या पुजल्या जातात. त्या लाल पुठ्ठ्यांकडे पाहून मला दर वर्षी प्रश्न पडतो : ऋण हे माणसाला वाकवते की उभे करते? आमच्या मुलखात तरी या शब्दाचे नाव चांगले नाही. लग्नापुरते चार पैसे उचलणारा वारली सावकाराचा ‘लग्नगडी’ होई आणि नवराबायको दोघेही जन्मभर त्याच्या शेतावर राबत. १९४५ साली तलासरीजवळ झरी गावी परिषद भरली, शामराव आणि गोदावरीबाई परुळेकर पाठीशी उभे राहिले, तेव्हा कुठे ते जू उतरू लागले.

म्हणूनच कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची हकीकत मला विचारात पाडते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये हा मल्ल सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे, तर गाठीला पैसा नाही. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी तर राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. (घरच्या मंडळींची समजूत त्यांनी कशी घातली असेल, देव जाणे!)

हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती खाशाबा हरले. त्या वर्षी जपानला मिळालेले एकुलते एक सुवर्णपदक या इशीचेच. ती कुस्ती आटोपते न आटोपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लापुढे उभे केले. मधे अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो बजावून सांगायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. तरीही कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक.

गावाकडे १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्या लढवून पैसे जमवले आणि खर्डेकरांचे घर सोडवले. पदक देशाचे आणि कर्ज तेवढे एकट्याचे, हा कुठला न्याय, असे कुणी म्हणेल. मीही म्हणतो. पण त्यांना ते ओझे वाटले असेल, असे मला वाटत नाही. सावकार कुळालाच गहाण ठेवून घेई. इथे देणारा स्वतःच गहाण पडला होता. अशा माणसाला सोडवायला कोण धावणार नाही?

उरले देशाचे देणे. खाशाबा १९५५ साली पोलिसात लागले, १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो २००१ साली.