चौथं ताट

दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याची नात भावासोबत नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या आजीकडे आली, तेव्हा तिच्या पिशवीत लोइस लोरीची १९८९ सालची ‘नंबर द स्टार्स’ ही कादंबरी होती. आजी चुलीवर भाकरी टाकायची आणि नात गोष्ट सांगायची.

१९४३ सालचं कोपनहेगन. जर्मन शिपाई ज्यूंना पकडायला घरोघर फिरताहेत. अ‍ॅनमरीच्या घरी तिची ज्यू मैत्रीण एलन लपली आहे. रात्री दार वाजतं. एलनच्या गळ्यातल्या साखळीत ज्यूंचा तारा, आणि साखळीची कडी निघत नाही. अ‍ॅनमरी साखळी हिसडून तोडते, मूठ आवळते. एलन त्या घरातल्या वारलेल्या थोरल्या मुलीचं नाव सांगते. हिचे केस काळे कसे, म्हणून शिपायाला संशय येतो. तेव्हा अ‍ॅनमरीचे वडील त्या गेलेल्या लेकीचा तान्हेपणीचा, काळ्या केसांचा फोटो अल्बममधून ओढून त्याच्यापुढे धरतात. शिपाई जातात. अ‍ॅनमरी मूठ उघडते, तर तळव्यावर तारा उमटलेला.

कादंबरी कल्पित आहे. पण त्या ऑक्टोबरात डेन्मार्कच्या लोकांनी सात हजारांहून जास्त ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं, हे खरं आहे. मला त्या बापाचं हे करणं फार मोठं वाटतं. दुसऱ्याचं लेकरू वाचवायला त्यानं स्वतःचं गेलेलं लेकरू पुढे केलं.

आजीनं एवढंच विचारलं, “धरलं असतं त त्याच्या पोरीही गेल्या असत्या ना?”

“हो.”

“तरी केलं त्यानं.”

त्याच आठवड्यात गावात एकाच्या गोठ्यातून वेचलेला कापूस चोरीला गेला. संशय कोणावर, हे विचारावंच लागलं नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला गेला, पण त्यांतल्या फासेपारध्यांच्या बेड्याकडे, म्हणजे वस्तीकडे, बोट दाखवायची सवय काही गेली नाही.

रात्री दहा-अकरा वर्षांचं एक पोरगं धापा टाकत मागच्या दारानं आत आलं. बाहेर मोटारसायकली थांबल्या. आजीनं त्याला नातवाचा सदरा चढवला आणि तीन ताटांशेजारी चौथं मांडलं. “जेव. मान वर नोको करू.”

“काकू, पारध्याचं पोट्टं इकडं आलं काय?”

“नाई बा. हे माहे नातू हायेत.”

बॅटरीचा उजेड ताटांवरून फिरला. पोराच्या हातातला भाकरीचा तुकडा पिठल्यात तसाच बुडालेला. नातीनं त्याला कोपरानं ढोसलं, “दादा, चटणी दे ना इकडं.” उजेड पुढे सरकला.

सकाळी आजी पोराला आणि नातीला घेऊन पोलीस पाटलाकडे निघाली.

“आजी, रात्री लपवलंस, मग आता कशाला सांगतेस?”

“तिथं राज्यच मारायले निंगालं होतं, तो बाप कोणापाशी जाईन? आपल्या इथं पाटील हाये, ठाणं हाये. पोरगं जलमभर माह्या घरात लपीन काय?”

पाटलाच्या ओट्यावर रात्रीची माणसं होतीच. आजी म्हणाली, “राती मी खोटं बोलली. पोट्टं माह्या घरी होतं. काय विचाराचं ते विचारा, पण दिवसा, माह्यापुढं, अन् त्याच्या मायले बसवून.”

“काकू, तुमचा काय संबंध?”

“जेवला तो माह्या घरी.”

पाटलानं बेड्यावर निरोप धाडला. चौकशी झाली ती ओट्यावर, पोराच्या मायला खुर्ची देऊन. कापूस कोणी नेला ते कळलं नाही. कापूसवाल्या घरचे लोक वर्षभर आजीशी बोलले नाहीत, आणि आजीही त्यांची समजूत काढायला गेली नाही.