भाऊ

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात भाऊ हा शब्द फुकट मिळतो. एसटीत जागा पाहिजे असली की, "भाऊ, जरा सरका." व्यापारी कापसाचा भाव पाडतो, तोही म्हणतो, "भाऊ, यापेक्षा जास्त नाही परवडत." मीही दिवसातून पन्नास जणांना भाऊ म्हणतो. त्यात कोणाचं काही जात नाही.

अन् याच शब्दाची भाऊबंदकी झाली की माणसं धुऱ्यावर कुऱ्हाडी काढतात. मग भाऊ म्हणजे नेमका कोण?

हा प्रश्न मला बहिणीमुळं पडला. वडील २००६ साली गेले. माय आधीच गेली होती. आठ एकर वावर अन् आम्ही दोघं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क, हा कायदा महाराष्ट्रात १९९४ ला आला, पण तो त्याआधी लग्न झालेल्या मुलींना नव्हता. माझ्या बहिणीसारख्यांना तो हक्क केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ पासून दिला. मला हे माहीत होतं. तरी मी तिला हक्कसोडपत्राला तालुक्याला नेलं. गावात सगळेच नेतात. ती एवढंच बोलली, "भाऊ, कुठी करू सही?" मी बोटानं जागा दाखवली. फेरफार झाला, सातबाऱ्यावर मी एकटा राहिलो. त्या भाऊबीजेला तिनं ओवाळलं. मी ताटात पाचशे एक टाकले अन् मोठ्या दानशूरासारखा जेवायला बसलो.

तिनं कधी काही मागितलं नाही. तेवढ्यावर मी इतकी वर्षं निभावून नेलं. सावकार मागतो, म्हणून त्याचं आधी देतो. बहीण मागत नाही, म्हणून तिचं बुडवतो. न मागितल्यानं देणं फिटत नसते, हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागू नये.

यंदा मी घरात सांगितलं, चार एकराचं बक्षीसपत्र तिच्या नावानं करतो. मुलगा म्हणाला, "आत्या कुठी मागते? मंग माह्यं काय, बाबा?" त्याचंही खोटं नाही. चार एकर कोरडवाहूत त्याचा संसार कसा निघेल, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण त्याचा बाप होण्याआधी मी तिचा भाऊ होतो.

कागद तालुक्यालाच होईल. सही कुठी करायची, ते या वेळी मी विचारीन.