पाण्याखालचा ख्रिस्त



इटलीत जेनोआ शहराच्या पूर्वेला कामोली नावाचे जुने कोळी गाव आहे. समुद्राला लागून उंच रंगीत घरे, धक्क्याला बांधलेल्या होड्या. कामोली म्हणजे ‘बायकांचे घर’, असे तेथे सांगतात. कारण पुरुष महिनोन्‌महिने दर्यावर आणि बायका घरी वाट पाहत. बोटीतून जाणाऱ्याला घरांचे रंग दिसतात, ते वाट पाहणे दिसत नाही.

तेथून बोट डोंगराच्या कडेकडेने सान फ्रुत्तुओझोला जाते. येथे मोटारीचा रस्ता नाही. बोटीने यावे किंवा डोंगरातून पायी. काठावर प्राचीन मठ आहे. पण येथील सर्वांत मोठी गोष्ट बोटीतून सहसा दिसतच नाही. सुमारे १७ मीटर खोल पाण्यात, दोन्ही हात वर केलेला ख्रिस्ताचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. दारिओ गोन्झात्ती हा पाणबुड्या १९४७ साली या पाण्यात मरण पावला. त्याचा मित्र दुइलिओ मार्कान्ते याने ही कल्पना मांडली, शिल्पकार गुइदो गाल्लेत्ती यांनी पुतळा घडवला आणि २२ ऑगस्ट १९५४ रोजी तो तळाशी उतरवण्यात आला.

आपण विचारू, जेथे फारसे कोणी पाहणार नाही तेथे पुतळा कशाला? काठावर उभारला असता तर येणाऱ्याजाणाऱ्याने हात जोडले असते. शिवाय त्या पुतळ्याने गेलेला मित्र परत आला नाही आणि समुद्रही शांत झाला नाही.

हे खरे आहे. पण मित्र जेथे गेला तेथेच प्रभू असावा, एवढेच त्या मित्राचे मागणे होते. आपला विश्वासही हेच सांगतो. वधस्तंभावर मरण पावलेला ख्रिस्त मृतांच्या लोकात उतरला. लाजरसाला आपण उठवणार हे ठाऊक असूनही तो मार्था व मरिया यांच्यासोबत रडला. आधी अश्रू, मग चमत्कार.

आपल्या धर्मग्रामात कोणाचे तरुण मूल जाते, तेव्हा आपण काय करतो? मातीला जातो, ‘देवाची इच्छा’ म्हणतो आणि घरी परततो. ते शब्द खोटे नसतील. पण ते बोटीतून बोललेले असतात. महिन्याभराने त्या घरात कोण जाते? न बोलता तासभर कोण बसते? दुसऱ्याच्या दुःखाचा तळ आपल्याला गाठता येणार नाही, हे मान्य. परंतु थोडे खाली उतरणे आपल्या हाती आहे, आणि तेथे प्रभू आपल्या आधीच उभा आहे.

या आठवड्यात अशा एका घराची पायरी आपण चढू या.