अनागतांचा वांटा

माणसाला जें स्वतःचें आहे तें देऊन टाकण्याचा अधिकार आहे, हें सामान्यतः सर्वांना मान्य असतें. आपल्या ताटांतला घांस कोणी उपाशी शेजाऱ्याला दिला तर त्याला आपण उदार म्हणतों. गरजेपोटीं तोच कोणी स्वस्तांत विकला तरी त्याची कींव करतों, त्याला दोष देत नाहीं. परंतु जें आपलें नाहीं तें देऊन आपला लाभ करून घेणें, यास कोणत्याही भाषेंत औदार्य म्हणत नाहींत. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती लिहून दाखविण्याचें कारणही पडूं नये. तथापि ज्याचें आपण देतों तो माणूस जर समोर नसेल, किंबहुना तो अजून आलाच नसेल, तर हाच उघड न्याय आपल्या डोळ्यांना दिसेनासा होतो. त्याचा विचार करण्यास अमेरिकेंतल्या कामगारांचें एक अलीकडचें उदाहरण फार उपयोगी पडण्यासारखें आहे.

युनायटेड पार्सल सर्व्हिस ही कंपनी १९०७ सालीं सिअ‍ॅटल शहरांत निरोप पोंचविणाऱ्या पोरांची एक लहानशी पेढी म्हणून निघाली. आज घरोघर पार्सलें पोंचविणाऱ्या जगांतल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत तिची गणना होते. तिचे कामगार ज्या संघाचे सभासद आहेत त्याचें नांव टीमस्टर्स. टीमस्टर म्हणजे जनावरें जुंपून गाडा हांकणारा; संघ १९०३ सालीं स्थापन झाला तेव्हां तें नांव अक्षरशः खरें होतें. पुढें घोडे गेले, मोटारी आल्या, नांव मात्र राहिलें. २०२३ सालीं या कंपनींत संघाचे सुमारें ३,४०,००० सभासद होते व त्यांतले निम्म्याहून अधिक अर्धवेळ काम करणारे होते. तपकिरी गणवेशांत दारावर येणारा ड्रायव्हर तेथील लोकांच्या चांगल्या ओळखीचा असतो. परंतु त्याची गाडी वेळेवर भरावी म्हणून मध्यरात्रीं किंवा पहांटे सरकत्या पट्ट्यावरून येणारे गठ्ठे निवडणारा, उचलणारा आणि रचणारा अर्धवेळ कामगार कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. हें न दिसणें आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे.

दर कांहीं वर्षांनीं कंपनी आणि संघ यांच्यामध्यें करार होतो आणि तो सभासदांच्या मताला टाकला जातो. १९८२ च्या करारांत नव्यानें येणाऱ्या अर्धवेळ कामगाराचा दर ताशीं आठ डॉलर ठरला. पूर्णवेळ कामगारांचा दर मात्र त्याहून पुष्कळ वर राहिला. पंधरा वर्षें गेलीं तरी नवख्या अर्धवेळ कामगाराचा तो आरंभींचा दर जवळजवळ जागचा हलला नाहीं. पूर्वीं जी फट वाटली तिचें खिंडार झालें. शेवटीं ऑगस्ट १९९७ मध्यें रॉन कॅरी यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें १,८५,००० कामगारांनीं पंधरा दिवस संप केला आणि अर्धवेळ जागा एकत्र करून १०,००० पूर्णवेळ जागा निर्माण करण्याचें वचन कंपनीकडून घेतलें. एका पिढीनें सहज दिलेलें परत मिळविण्यास दुसऱ्या पिढीला रस्त्यावर उभें राहावें लागलें.

इतकें होऊनही २०१८ सालीं तोच प्रसंग नव्या वेषांत आला. त्या वर्षाच्या करारांतल्या बाविसाव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमानें ड्रायव्हरांचा एक नवाच वर्ग निर्माण केला. काम बव्हंशीं तेंच, गाडी तीच, गिऱ्हाइकें तींच. परंतु दर कमी आणि शनिवार-रविवारचें काम यांच्या गळ्यांत. जुन्या ड्रायव्हरांच्या पगाराला कोठेंही धक्का नव्हता. उलट त्यांना वाढ होती. कमी दर सोसावयाचा तो मुख्यतः पुढें येणाऱ्यांनीं, आणि त्या येणाऱ्यांपैकीं मत देण्यास कोणीच हजर नव्हता. तरी सभासदांची सद्सद्विवेकबुद्धि जागी होती असें म्हटलें पाहिजे, कारण मत देणाऱ्यांपैकीं सुमारें ५४ टक्क्यांनीं करार नाकारला. परंतु मत देणारे एकूण सभासदांत ४४ टक्केच होते; आणि संघाच्या घटनेंत असा एक नियम होता कीं, निम्म्याहून कमी सभासदांनीं मत दिल्यास करार फेटाळण्याला दोन-तृतीयांश मतें विरुद्ध पडलीं पाहिजेत. त्या नियमाचा आधार घेऊन अध्यक्ष जेम्स हॉफा यांच्या नेतृत्वानें करार मंजूर धरला. २०२१ च्या अधिवेशनांत हा नियम रद्द झाला, आणि त्याच वर्षींच्या निवडणुकींत शॉन ओब्रायन अध्यक्ष झाले.

येथें दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. जे मत द्यावयास आलेच नाहींत त्यांच्या मौनाचा अर्थ काय करावा, हा एक. आणि ज्यांना मत देण्यास येणें शक्यच नव्हतें त्यांचा वांटा दुसऱ्यांनीं देऊन टाकावा काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर त्या मानानें सोपें आहे. घरीं बसलेल्याचें मौन कोणत्याही एका पक्षाच्या पदरांत टाकणें अन्यायाचें आहे. तें शून्यच समजावें. परंतु घरीं बसणाऱ्यालाही हें विसरतां येणार नाहीं कीं, त्याच्या आळसाची किंमत त्याच्याहून दुबळ्यानें भरली. दुसरा प्रश्न मात्र खोल आहे.

करार करणाऱ्यांच्या बाजूनें जें बोललें जातें तें तुच्छ लेखण्यासारखें नाहीं. पहिलें म्हणणें असें कीं, नवा माणूस कामावर येतो तो अटी वाचून, राजीखुषीनें येतो. जें त्याला कधीं मिळालेंच नव्हतें तें त्याच्यापासून हिरावलें कसें? दुसरें असें कीं, संघाचें कर्तव्य आपल्या सभासदांशीं आहे. रस्त्यानें जाणाऱ्या अनोळखी माणसाशीं नाहीं. तिसरें असें कीं, वाटाघाटींत कांहीं तरी सोडावेंच लागतें. आणि ज्याच्या घरीं आज चूल पेटावयाची आहे त्याला उद्यांच्या परक्याची काळजी सांगणें हा पोट भरलेल्यांचा उपदेश आहे.

तिसऱ्या म्हणण्यांत सर्वांत अधिक वजन आहे, म्हणून तेंच आधीं घेऊं. सोडावें लागतें हें खरें. परंतु काय सोडावें याला मर्यादा आहे. सर्वांच्या पगारांतले चार आणे सर्वांनीं मिळून सोडणें हा त्याग आहे. सोळाही आणे न आलेल्याच्या खिशांतून काढणें याला त्याग म्हणतां येत नाहीं, कारण त्यांत त्यागणाऱ्याचें कांहींच जात नाहीं. तडजोड प्रामाणिक आहे कीं नाहीं हें ओळखण्याची खूण हीच, कीं तिच्यासाठीं हात वर करणाऱ्याला स्वतःला ती थोडी तरी बोंचली पाहिजे. ज्या सवलतीवर सही करतांना कोणाचाच हात थबकत नाहीं, ती सवलत कोणी तरी दुसराच देत आहे असें खुशाल समजावें.

पहिल्या म्हणण्यांतला राजीखुषी हा शब्द फसवा आहे. नोकरी शोधणाऱ्याला निवड असते ती काम आणि बेकारी यांमधली. अटी ठरविण्याची नव्हे. संघ निघाला तो याच तत्त्वावर, कीं एकट्या माणसाची संमति ही पुरी संमति नव्हे. मालकाविरुद्ध जें तत्त्व संघ उच्चरवानें सांगतो, तेंच आपल्या धाकट्या भावाच्या वेळीं त्यानें गिळावें काय? दुसऱ्या म्हणण्याचें उत्तरही यांतच आहे. येणारा माणूस आज अनोळखी असला तरी दारांतून आंत आला कीं तो त्याच संघाची वर्गणी भरणार, त्याच पट्ट्याशीं उभा राहणार, संपाची वेळ आली तर त्याच्याच साथीची गरज पडणार. ज्याला आपण येण्यापूर्वींच विकलें, त्यानें आल्यावर आपल्यासाठीं उपाशी राहावें, अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

येथें एक भेद मात्र केला पाहिजे. जुन्या माणसाला नव्याहून अधिक मिळणें यांत स्वतः अन्याय नाहीं. अनुभवाला मान आहे. आणि शिडी असेल तर खालच्या पायरीवर उभें राहण्यांत अपमान नाहीं, कारण प्रत्येक जण त्याच पायरीवरून वर गेलेला असतो. अन्याय सुरू होतो तो शिडीच्या जागीं भिंत आली म्हणजे: तेंच काम, तितकींच वर्षें, तरीही केवळ उशीरा आल्यामुळें माणूस कायम खालीं. आपल्याकडेही हें चित्र अपरिचित नाहीं. मुंबईच्या कापडगिरण्यांतला बदली कामगार सकाळीं दारांत येऊन उभा राही आणि कायम कामगारांपैकीं कोणी गैरहजर असेल तरच त्याला त्या दिवसाचें काम मिळे. त्याहूनही जुनी भिंत जातीची होती. अस्पृश्य कामगारांना विणकामाच्या खात्यांत प्रवेश नव्हता; धोट्यांतला धागा तोंडानें ओढावा लागे आणि तेथें इतरांना विटाळाची भीति. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळांत डॉ. आंबेडकरांनीं हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढें ठेवला. ज्या एकजुटींत आपल्या माणसांना अधिक पगाराच्या कामाचें दारच बंद आहे, त्या एकजुटीसाठीं त्यांनीं उपाशी कां मरावें? या प्रश्नाला टाळ्यांनीं उत्तर देतां येत नव्हतें, आणि अजूनही येत नाहीं.

आतां २०२३ च्या वादाकडे वळूं. त्या जूनमध्यें सभासदांनीं ९७ टक्के मतांनीं संपाचा अधिकार पुढाऱ्यांच्या हातीं दिला. जुना करार ३१ जुलैला संपावयाचा होता. २५ जुलैला नव्या कराराचा मसुदा तयार झाला. त्यानें ड्रायव्हरांचा तो दुय्यम वर्ग मोडून टाकला. कामावर असलेल्यांना लगेच ताशीं २ डॉलर ७५ सेंट आणि पांच वर्षांत एकूण साडेसात डॉलर वाढ, अर्धवेळ कामगाराला निदान ताशीं २१ डॉलर, ७,५०० नव्या पूर्णवेळ जागा, आणि १ जानेवारी २०२४ नंतर घेतलेल्या गाड्यांना थंड हवेची यंत्रें, अशीं त्याचीं मुख्य कलमें होतीं. तरीही गोदामांच्या दारांत आणि संघाच्या सभांत वाद झाला. अर्धवेळ कामगारांपैकीं अनेकांची मागणी २५ डॉलरांची होती. त्यांनीं आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलें: १ ऑगस्ट २०२३ नंतर येणारा अर्धवेळ कामगार २१ वरून २३ डॉलरांपर्यंतच चढणार, साडेसात डॉलरांची वाढ त्याला नाहीं. म्हणजे ड्रायव्हरांमधली भिंत पाडतांना गोदामांत तिच्या कांहीं विटा पुन्हा रचल्या गेल्या होत्या. दुसरा पक्ष म्हणे, संघाच्या इतिहासांत इतकें एकाच वेळीं क्वचित् मिळालें आहे. तें पदरांत घ्यावें आणि उरलेल्यासाठीं पुढें भांडावें. २२ ऑगस्टला निकाल लागला, ८६.३ टक्के मतें कराराच्या बाजूनें पडलीं. हा करार ३१ जुलै २०२८ पर्यंतचा आहे.

या दोन पक्षांत न्याय कोणाकडे होता? आमच्या मतें होकार देणाऱ्यांनीं पाप केलें असें म्हणतां येणार नाहीं. कमी मिळणें वेगळें आणि दुसऱ्याला विकणें वेगळें. हा करार प्राधान्येंकरून पहिल्या जातीचा होता, कारण पूर्वीं विकलेलें त्यानें बरेंचसें सोडवून आणलें. परंतु विरोध करणारे १३-१४ टक्के हट्टी होते असेंही म्हणतां येणार नाहीं. न आलेल्या माणसाचा वकील कोणी तरी व्हावाच लागतो, आणि ते झाले. ते हरले, तरी त्यांनीं बोट ठेवलें नसतें तर ती विटांची रांग कोणाच्या लक्षांतही आली नसती.

यावर कोणी व्यवहारी गृहस्थ म्हणेल कीं, एप्रिल २०२५ मध्यें याच कंपनीनें सुमारें २०,००० जागा त्या वर्षांत कमी करण्याचें जाहीर केलें. तेव्हां एवढा पगार मागून काय साधलें? परंतु आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा माल निम्म्याहून कमी करावयाचा कंपनीचा निर्णय त्याच्या मुळाशीं होता. शिवाय, नवीं माणसें स्वस्त करून दिलीं म्हणजे जुन्यांच्या जागा सुरक्षित राहतात, हा भ्रम आहे. स्वस्त माणूस शेजारीं उभा केला कीं महाग माणूसच आधीं डोळ्यांत खुपूं लागतो. तथापि अन्याय करूं नये तो तोट्याचा आहे म्हणून नव्हे. तो फायद्याचा असता तरीही करूं नये. तोट्याचा हिशेब हा नुसता दुय्यम साक्षीदार आहे.

हा प्रश्न कामगारांपुरताच आहे असें समजून सुशिक्षित वाचकानें पान उलटूं नये. वडिलार्जित जमिनीवर कर्ज काढून थाटाचें कार्य करणारें घर, शिलकेंतलें सर्व आज वांटून टाकणारी सहकारी पेढी, जुन्या शिक्षकांचे हक्क राखून नव्यांना तुटपुंज्या मानधनावर राबविणारी शिक्षणसंस्था, हीं सर्व त्याच सभेंत बसलेलीं आहेत. प्रत्येक ठिकाणीं हात वर करणारे भले लोक असतात. आणि दुष्टपणा कोणाच्याही मनांत नसतो. केवळ ज्याचें जाणार त्याची खुर्ची रिकामी असते, आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहण्याची आपल्याला संवय नसते. ठराव मताला टाकण्यापूर्वीं त्या खुर्चीकडे एकदां पाहावें आणि तिच्यावर आपलाच मुलगा उद्यां येऊन बसणार आहे असें समजून हात वर करावा. पुष्कळांच्या बाबतींत ती नुसती कल्पना राहणार नाहीं.